वारणेचा तह आणि करवीर नगरी

श्रीक्षेत्र करवीर येथे येणारे बहुसंख्य भाविक पुणे-बंगळूर महामार्गाने येतात. कऱ्हाड मागे पडते, उसाचे मळे लागतात आणि किणी येण्यापूर्वी एका पुलावरून गाडी नदी ओलांडते. ही वारणा नदी. उत्तर तीरावर सांगली जिल्हा संपतो आणि दक्षिण तीरावर कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. ही सीमा आजकालची नाही. दिनांक १३ एप्रिल १७३१ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या दोन नातवांमध्ये जो तह झाला, त्या तहाने ही नदी दोन राज्यांची सीमा ठरविली. इतिहासात तो 'वारणेचा तह' या नावाने प्रसिद्ध आहे.

श्री महालक्ष्मी अंबाबाईचे हे क्षेत्र तहापूर्वी शेकडो वर्षे नांदत होते. तथापि आज भाविकांना दिसणारे कोल्हापूर, म्हणजे देवालयाला लागून असलेला राजवाडा, दसऱ्याचे सीमोल्लंघन, तलाव, बाजारपेठा आणि विद्यालये यांनी नटलेले राजधानीचे शहर, ज्या राजकीय घटनेमुळे शक्य झाले, ती घटना म्हणजे हा तह होय. त्याची माहिती क्षेत्रदर्शनास येणाऱ्या प्रत्येकास असावी, या हेतूने हा पाठ दिला आहे.

राजधानीपूर्वीचे करवीर

करवीर हे दक्षिण काशी म्हणून ओळखले जाणारे प्राचीन शक्तिपीठ आहे. पंचगंगेच्या काठी वसलेल्या या नगरीस चालुक्य, शिलाहार आणि यादव या राजवटींचा आश्रय लाभला. शिलाहारांच्या काळी या परिसराचे वैभव मोठे होते. त्या घराण्यातील राजे स्वतःस महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचे अभिमानाने नोंदवीत असत. यादवांचे राज्य लयास गेल्यानंतर मात्र नगरीस उतरती कळा लागली. बहामनी आणि पुढे विजापूरच्या आदिलशाही काळात लष्करी महत्त्व होते ते जवळच्या पन्हाळगडास. गडाचा ताबा ज्याच्याकडे, त्याच्याकडे हा मुलूख, असा तो काळ होता. गडाच्या छायेतील देवीचे क्षेत्र, एवढीच करवीरची ओळख उरली होती.

अशा धामधुमीत श्रींची मूर्ती पुजाऱ्यांच्या घरी गुप्तपणे जतन करून ठेवण्यात आली होती, अशी परंपरा आहे. देवालय उभे होते, परंतु देवी गाभाऱ्यात नव्हती. हा काळ कसा संपला, हे समजण्यासाठी प्रथम मराठी राज्यातील दुहीचा वृत्तांत पाहिला पाहिजे.

एका घराण्यात दोन गाद्या

छत्रपती शिवाजी महाराजांचे निर्वाण इ.स. १६८० मध्ये झाले. त्यांचे ज्येष्ठ पुत्र छत्रपती संभाजी महाराज यांना औरंगजेबाने इ.स. १६८९ मध्ये क्रूरपणे ठार केले. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडला आणि महाराणी येसूबाई व बाल शाहू महाराज कैदेत गेले. धाकटे पुत्र छत्रपती राजाराम महाराज यांनी दक्षिणेत जिंजीचा आश्रय घेऊन राज्य राखले. इ.स. १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. त्यानंतर महाराणी ताराबाई यांनी आपला पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाच्या प्रचंड सैन्याशी झुंज दिली.

इ.स. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला. मोगलांनी शाहू महाराजांची सुटका केली आणि मराठी राज्यात एकाच वेळी दोन हक्कदार उभे राहिले. ज्येष्ठ शाखेचा वारस या नात्याने शाहू महाराज राज्य मागत होते. ज्या राज्याचे रक्षण आपण केले ते सोडावयाचे कशासाठी, हा ताराबाईंचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंस आपापला न्याय होता आणि म्हणूनच हा तंटा सहजासहजी मिटणारा नव्हता. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेड येथे लढाई होऊन शाहू महाराजांची सरशी झाली. १२ जानेवारी १७०८ रोजी सातारा येथे त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी दक्षिणेकडे येऊन पन्हाळ्याचा आश्रय घेतला आणि इ.स. १७१० मध्ये तेथे स्वतंत्र गादी स्थापन केली. करवीर राज्याचा आरंभ तेथून मानला जातो.

पुढे इ.स. १७१४ मध्ये पन्हाळ्यावरही पालट झाला. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी महाराज गादीवर आले आणि ताराबाई व त्यांचे पुत्र नजरकैदेत पडले. तेव्हापासून साताऱ्यास शाहू महाराज आणि पन्हाळ्यास संभाजी महाराज, असे दोन चुलत बंधू एकमेकांसमोर उभे राहिले. दोघेही शिवछत्रपतींचे नातू होते.

श्रींची पुनःप्रतिष्ठा

संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभीची एक घटना करवीरच्या दृष्टीने चिरस्मरणीय आहे. त्यांच्या आज्ञेवरून सिदोजी हिंदुराव घोरपडे यांच्या हस्ते इ.स. १७१५ मध्ये विजयादशमीच्या मुहूर्तावर श्री महालक्ष्मीची मूर्ती पुन्हा देवालयात प्रतिष्ठित करण्यात आली. दीर्घ काळानंतर गाभाऱ्यात दीप लागला आणि नित्य उपचार पुन्हा प्रकटपणे सुरू झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. देवी गाभाऱ्यात परतली, परंतु मुलूख शांत नव्हता. सातारा आणि पन्हाळा यांच्यातील झगडा सुरूच होता. वारणा व कृष्णा यांच्या काठची गावे कधी एका पक्षाच्या, तर कधी दुसऱ्या पक्षाच्या फौजांच्या पायांखाली तुडविली जात होती. एकाच गावाकडून दोन्ही पक्षांनी वसूल मागावा, ही त्या काळची रीतच झाली होती. अशा स्थितीत देवस्थानास इनाम कोणी द्यावे, दिलेले कोणी चालवावे आणि यात्रेकरूने कोणाच्या भरवशावर वाट चालावी? देवीच्या पुनःप्रतिष्ठेला पूर्णत्व यावयाचे, तर राज्याला स्वास्थ्य हवे होते. त्यासाठी आणखी सोळा वर्षे जावी लागली.

संघर्षाचा शेवटचा टप्पा

मराठ्यांमधील दुहीचा लाभ घेण्यास हैदराबादचा निजाम टपलेला होता. दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा खरा धनी कोण, सातारा की पन्हाळा, हा वाद उकरून त्याने संभाजी महाराजांना आपल्या बाजूस घेतले. तेव्हा बाजीराव पेशव्यांनी फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड येथे निजामास कोंडीत पकडले. मार्च महिन्यात मुंगी-शेवगाव येथे तह होऊन निजामास संभाजी महाराजांचा पक्ष सोडून द्यावा लागला. पन्हाळ्याचा मोठा आधार तुटला.

तरीही वारणेकाठचा तंटा थांबला नाही. उदाजी चव्हाण हे पराक्रमी सरदार संभाजी महाराजांच्या बाजूने त्या भागात धामधूम करीत होते. अखेर इ.स. १७३० मध्ये साताऱ्याच्या फौजा श्रीपतराव प्रतिनिधी यांच्या नेतृत्वाखाली वारणेकडे चालून आल्या. संभाजी महाराजांच्या छावणीचा पराभव झाला. महाराज पन्हाळ्यास निसटले, परंतु महाराणी ताराबाई, राजसबाई आणि संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाई यांच्यासह राजकुटुंबातील स्त्रिया साताऱ्याच्या हाती आल्या.

शाहू महाराजांच्या स्वभावाची खरी ओळख या प्रसंगी झाली. स्वतः लहानपणापासून अठरा वर्षे शत्रूच्या कैदेत काढलेल्या या राजाने घरातील स्त्रियांना बंदी म्हणून वागविले नाही. जिजाबाई व इतरांची सन्मानपूर्वक पन्हाळ्यास पाठवणी करण्यात आली. ताराबाईंनी मात्र साताऱ्यासच राहण्याचे पत्करले. पन्हाळ्यावर त्यांच्या वाट्याला नजरकैदच होती आणि साताऱ्यास मान तरी मिळणार होता. विजेत्याने पराभूताची अब्रू राखली, म्हणूनच पुढे बोलणी होऊ शकली.

केवळ औदार्यानेच तह झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. साताऱ्याच्या दरबारातही त्या वेळी मोठे पेच उभे होते. गुजरातच्या प्रश्नावरून बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यातील वैर विकोपास गेले होते आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत सेनापती धारातीर्थी पडले. उत्तरेकडे मराठी सत्ता पसरत असताना दक्षिणेस घरचाच शत्रू ठेवणे साताऱ्यास परवडणारे नव्हते. पन्हाळ्याकडेही लढा पुढे चालविण्याचे बळ उरले नव्हते. दोन्ही बाजूंची गरज आणि शाहू महाराजांचा संयम यांचा मेळ बसला, तेव्हा तहाची वाट मोकळी झाली.

जखिणवाडीची भेट

इ.स. १७३१ च्या फेब्रुवारी महिन्यात कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे दोन्ही राजांची भेट ठरली. संभाजी महाराजांना पन्हाळ्याहून आणण्यासाठी शाहू महाराजांनी आपले मानकरी पाठविले. आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याशी सरदार, मुत्सद्दी आणि फौजा यांच्या साक्षीने दोन्ही बंधू भेटले. सतरा वर्षे एकमेकांविरुद्ध फौजा पाठविणाऱ्या या दोघांनी राजकीय जीवनातील वैर तेथे मिटविले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १३ एप्रिल १७३१ रोजी, तहाची कलमे निश्चित झाली.

तहातील प्रमुख कलमे

तहाची नऊ कलमे आहेत. त्यांचा मथितार्थ पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१. वारणा महाल, तसेच वारणा-कृष्णा संगमापर्यंत वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख, त्यातील ठाणी व किल्ल्यांसह, संभाजी महाराजांकडे राहावा.

२. वारणा-कृष्णेपासून दक्षिणेस तुंगभद्रेपर्यंतचे किल्ले व ठाणी संभाजी महाराजांकडे असावीत.

३. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जो मुलूख पुढे जिंकला जाईल, त्यातील निम्मा वाटा संभाजी महाराजांस मिळावा.

४. कोकणात साळशीपासून दक्षिणेस अंकोल्यापर्यंतचा प्रदेश संभाजी महाराजांकडे असावा.

५. कोपळचा किल्ला संभाजी महाराजांस मिळावा आणि त्याच्या बदल्यात रत्नागिरी शाहू महाराजांस द्यावी.

६. मिरज प्रांत, तासगाव, अथणी आणि विजापूर प्रांतातील ठाणी शाहू महाराजांच्या हवाली करावीत.

७. वडगावचे ठाणे पाडून टाकावे.

८. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू समजावा आणि दोघांनी एकविचाराने राज्याची वृद्धी करावी.

९. एकाच्या चाकरीतून निघालेल्या माणसास दुसऱ्याने आपल्या चाकरीत ठेवू नये.

यांपैकी शेवटच्या कलमाकडे सामान्य वाचकाचे लक्ष जात नाही, परंतु ते फार शहाणपणाचे आहे. दोन गाद्या असल्या की रुसलेला सरदार एका दरबारातून उठून दुसऱ्या दरबारात जात असे आणि जाताना भांडणही बरोबर नेत असे. वीस वर्षांचा झगडा धुमसत राहण्याचे ते एक मोठे कारण होते. ते दार या कलमाने बंद करण्याचा प्रयत्न झाला.

तहाचे मोल आणि तहाची किंमत

या तहाने करवीर राज्यास काय मिळाले आणि काय गमवावे लागले, याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

गमावले ते मोठे होते. मिरज, तासगाव, अथणी ही सुपीक ठाणी गेली. तुंगभद्रेपलीकडचा निम्मा वाटा कागदावर मोठा दिसत असला, तरी तेथपर्यंत स्वाऱ्या करण्याचे बळ करवीर राज्यापाशी नव्हते. तहाच्या भाषेत देणारा हात साताऱ्याचा होता आणि घेणारा करवीरचा, हेही विसरता येत नाही. शिवछत्रपतींनी एकछत्री उभारलेले राज्य आता लेखी करारानेच दोन झाले, ही खंत त्या काळच्या अनेकांच्या मनास बोचली असल्यास नवल नाही.

मिळाले ते मात्र टिकाऊ होते. करवीरची गादी ही बंडखोरांची गादी नसून मराठ्यांचे दुसरे मान्य राज्य आहे, हे साताऱ्याने लेखी कबूल केले. राज्याला ठरलेली सीमा मिळाली. कोणत्या गावाने कोणाकडे वसूल भरावा, याचे उत्तर मिळाले. राज्य आकाराने लहान राहिले, पण त्याला एक निश्चित मध्य लाभला. त्या मध्यावर श्री महालक्ष्मीचे देवालय होते.

तहानंतर सर्व युद्धे संपली, असेही नव्हे. साताऱ्याशी असलेले मूळ वैर मिटले. पुढे मात्र पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्याशी करवीर राज्याचे दीर्घ काळ संघर्ष झाले. इ.स. १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन पडले आणि त्यानंतर खुद्द कोल्हापूरला वेढा सोसावा लागला. तरीही गादी राहिली आणि नगरी राहिली. तह हा शांततेचा शेवटचा शब्द नसतो. पुढच्या संकटातही ज्याच्या आधारे उभे राहता यावे, असा तो पाया असतो.

राणी जिजाबाईंची कसोटी

तहाचा पाया किती पक्का होता, याची परीक्षा इ.स. १७६० मध्ये झाली. त्या वर्षी संभाजी महाराज निपुत्रिक निवर्तले. तत्पूर्वी इ.स. १७४९ मध्ये शाहू महाराजांचेही निधन झाले होते आणि मराठी राज्याचा कारभार पुण्याकडे गेला होता. आता करवीरची गादी मोडून राज्य एक करावे, असा विचार पुण्याच्या दरबारात प्रबळ झाला. तीस वर्षांपूर्वी साताऱ्याच्या छावणीतून सन्मानाने परत आलेल्या राणी जिजाबाई या वेळी राज्याच्या रक्षणास उभ्या राहिल्या. भोसले कुळातील मुलगा दत्तक घेऊन इ.स. १७६२ मध्ये त्यांनी त्यास शिवाजी या नावाने गादीवर बसविले आणि इ.स. १७७३ मध्ये देह ठेवीपर्यंत स्वतः कारभार पाहिला. करवीरची गादी तहाने मान्य झालेली होती. एरवी केवळ जिद्दीच्या बळावर ती राखणे त्यांना फार कठीण गेले असते.

पन्हाळगडावरून देवीच्या अंगणात

तह झाला तेव्हा राजधानी पन्हाळ्यासच होती. गड ही युद्धकाळाची गरज असते. राज्याचा दैनंदिन कारभार, बाजार, कारागीर आणि पाणी यांना मात्र मैदान हवे असते. इ.स. १७८२ मध्ये, शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत, राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापूरला आणण्यात आली. हे स्थलांतर तहाचे कलम नव्हते. तथापि वारणेच्या तहाने राज्यास मान्यता आणि सीमा दिली नसती, तर करवीर नगरीस राजधानी होण्याचा प्रसंगच आला नसता.

राजा आणि देवी आता एकाच नगरीत नांदू लागले. देवालयापासून हाकेच्या अंतरावर असलेला जुना राजवाडा आणि त्यापुढील भवानी मंडप ही त्या सान्निध्याची साक्ष आहे. छत्रपतींची कुलस्वामिनी श्री तुळजाभवानी येथे विराजमान आहे. नवरात्रात अष्टमीच्या रात्री श्री अंबाबाईची पालखी नगरप्रदक्षिणेस निघते, तेव्हा भवानी मंडपात तुळजाभवानीची भेट होते. विजयादशमीस दसरा चौकात दोन्ही देवींच्या पालख्या येतात आणि छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत सोने लुटण्याचा सोहळा होतो. राजधानीचा मान आणि क्षेत्राचा महिमा या सोहळ्यांत एकरूप झालेले दिसतात.

नगरीभोवती तटबंदी होती. तटाचा बराचसा भाग काळाच्या ओघात गेला. बिंदू चौकात त्याचा अवशेष आजही पाहता येतो. गंगावेस, रंकाळावेस या नावांतून जुन्या वेशी बोलत असतात. वेस राहिली नाही, नाव राहिले.

वारणेपलीकडचे भाविक

नदी राज्यांची सीमा झाली, परंतु भक्तीची सीमा ती कधीच झाली नाही. कोल्हापूरजवळील वाडी रत्नागिरी येथील श्री जोतिबाचे सध्याचे देवालय इ.स. १७३० च्या सुमारास राणोजी शिंदे यांनी बांधले. राणोजी शिंदे हे बाजीराव पेशव्यांचे, म्हणजे साताऱ्याच्या पक्षाचे सरदार. दोन्ही राज्यांच्या फौजा वारणेकाठी भिडत होत्या, त्याच सुमारास एका पक्षाच्या सरदाराने दुसऱ्या पक्षाच्या मुलखात देवाचे मंदिर उभारावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आजही चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत हे चित्र दिसते. गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत नाचणाऱ्या सासनकाठ्यांमध्ये पहिला मान सातारा तालुक्यातील पाडळी गावच्या काठीचा आणि त्यानंतरचा मान पाटण तालुक्यातील विहे गावच्या काठीचा असतो. ही दोन्ही गावे वारणेच्या उत्तरेस, जुन्या सातारा राज्याच्या मुलखातील आहेत. करवीर राज्यातील देवाच्या यात्रेत पहिला मान नदीपलीकडच्या भाविकांचा राहावा, यावरून नाती नद्यांनी तुटत नाहीत, याची प्रचीती येते.

एक गादी गेली, एक राहिली

तहाचा सर्वांत दूरगामी परिणाम शतकभरानंतर दिसला. साताऱ्याची गादी ज्येष्ठ होती आणि तिचा विस्तार अफाट होता. तथापि इ.स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इ.स. १८४८ मध्ये गादीस औरस वारस नसल्याचे कारण पुढे करून इंग्रजांनी सातारा राज्य खालसा केले. करवीर राज्याने इ.स. १८१२ मध्ये इंग्रजांशी स्वतंत्र करार केलेला होता. त्यात मालवणसारखे महत्त्वाचे ठिकाण सोडावे लागले आणि पुढील काळात इंग्रजांची बंधनेही आली, परंतु राज्य टिकले. ते १ मार्च १९४९ रोजी तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले. वारणेच्या तहाने जी गादी स्वतंत्र झाली, तीच शिवछत्रपतींच्या वंशाची शेवटपर्यंत राज्य करणारी गादी ठरली.

त्याचे फळ नगरीस मिळाले. राज्याचा महसूल राज्याच्या राजधानीत खर्च होऊ लागला. इ.स. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. इ.स. १८९४ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि अठ्ठावीस वर्षांत नगरीचा कायापालट केला. व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसविली. इ.स. १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. २६ जुलै १९०२ रोजी राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. इ.स. १९१२ मध्ये कुस्तीसाठी खासबाग मैदान सिद्ध झाले. इ.स. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. असे निर्णय घेण्यासाठी राजाला स्वतःचे राज्य असावे लागते. कोल्हापूर हे इंग्रजी मुलखातील एखादे तालुक्याचे ठिकाण असते, तर या गोष्टी तेथे घडल्या नसत्या.

विलीनीकरणानंतर राज्यातील देवालयांच्या व्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला. इ.स. १९६९ मध्ये पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती स्थापन झाली. श्री महालक्ष्मी आणि श्री जोतिबा यांच्यासह तीन हजारांहून अधिक देवस्थानांची व्यवस्था या समितीकडे आहे. त्यांतील अनेक देवस्थानांची इनामे आणि वहिवाटी जुन्या संस्थानी काळातील आहेत.

यात्रेकरूंसाठी तहाशी संबंधित स्थळे

क्षेत्रदर्शनाबरोबर हा इतिहास डोळ्यांनी पाहण्याची इच्छा असणाऱ्या भाविकांनी पुढील स्थळे अवश्य पाहावीत.

जखिणवाडी : कऱ्हाडपासून अगदी जवळ, आगाशिव डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. कोल्हापूरकडे येताना या परिसरास भेट देता येते.

हरिपूर : सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांचा संगम येथे होतो. संगमावर श्री संगमेश्वराचे देवालय आहे. तहात ज्या संगमाचा उल्लेख सीमा म्हणून आला, तो हाच संगम. घाटावर उभे राहिले असता दोन्ही प्रवाह एकत्र होताना दिसतात.

पन्हाळगड : कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर. इ.स. १७१० ते १७८२ या काळातील करवीर राज्याची ही राजधानी.

वाडी रत्नागिरी (श्री जोतिबा) : कोल्हापूरपासून सुमारे १७ किलोमीटर. पन्हाळा व जोतिबा ही दोन्ही स्थळे एकाच दिवसात पाहून होतात.

जुना राजवाडा व भवानी मंडप : श्री महालक्ष्मी देवालयापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर. श्रींचे दर्शन झाल्यावर येथे श्री तुळजाभवानीचेही दर्शन घ्यावे.

उपसंहार

राज्ये तलवारीने मिळतात, ती टिकतात मात्र समेटाने. वारणेच्या तहात एका बाजूने विजयाचा सगळा लाभ ओरबाडून घेतला नाही आणि दुसऱ्या बाजूने पराभवाचा सल कुरवाळीत बसणे नाकारले. दोघांनीही काही सोडले. त्या सोडण्यातून एका नगरीला दीडशेहून अधिक वर्षांचे आयुष्य राजधानी म्हणून लाभले आणि तिच्या मध्यभागी असलेल्या देवालयातील दीप अखंड तेवत राहिला.

भाऊबंदकीचे तंटे आजही घरोघरी आहेत. शेताच्या बांधावरून, वाड्याच्या वाटणीवरून पिढ्यान् पिढ्या बोलणे बंद झालेली घरे थोडी नाहीत. करवीरास येणारा भाविक वारणा ओलांडतो, तेव्हा त्याने क्षणभर त्या पात्राकडे पाहावे. एका राजघराण्याने आपला बांध येथे ठरविला आणि तो ठरल्यानंतर पुन्हा एकमेकांच्या पंक्तीस बसण्याइतके मन मोठे केले. श्री अंबाबाईच्या चरणी मागणे मागताना आपल्या घरातील एखादा जुना तंटा मिटण्याची सद्बुद्धीही मागावी. या क्षेत्राच्या इतिहासाशी ते मागणे सुसंगत आहे.

॥ श्री महालक्ष्मीचरणार्पणमस्तु ॥